विद्यापीठाच्या भिंतीतला एक खिळा

भिंतीत खिळा ठोकायचा असेल, तर माणसाने तो ठोकून मोकळं व्हावं. मग कोणी विचारलंच, तर "हा? हा पहिल्यापासूनच आहे," असं म्हणावं. हे शहाणपण मला आज आहे. तेव्हा नव्हतं, म्हणून मी परवानगी मागितली.

जन्मभर गणित शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. तेव्हा साहेबाचं राज्य होतं. आमच्या गल्लीला लागूनच विद्यापीठाची मोठी दगडी पायऱ्यांची इमारत होती आणि तिच्या मागच्या बाजूला एक लांबलचक व्हरांडा होता. त्याचा उपयोग कबुतरांखेरीज कोणी करत नसे. दुपार कलली, की मी तिथे गल्लीतली पोरं जमवून शिकवत बसे. ही पोरं सकाळी कामाला जात. कोणी आईबरोबर भाजी विके, कोणी छापखान्यात कागद उचली, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर सांभाळी. शाळेची वेळ आणि त्यांची वेळ कधी जुळायची नाही. घरी शिकवावं, तर आमच्या खोलीत मी आणि बायको बसलो की पाहुण्याला उभं राहावं लागे. तेव्हा व्हरांडा गेला असता तर वर्ग गेला असता, आणि वर्ग गेला असता तर त्या पोरांना पाटी पुन्हा कोणी हातात दिली नसती. एवढं सांगितलं म्हणजे पुढे माझी जी धावपळ झाली, ती निव्वळ खिळ्यासाठी नव्हती हे लक्षात येईल.

व्हरांडा पश्चिमेकडे तोंड करून होता. ऊन थेट पोरांच्या डोळ्यांवर यायचं. पहिले काही दिवस मला वाटलं, सगळा वर्ग मला डोळा मारतोय. मग एके दिवशी पुढच्या रांगेतली एक लहानगी चक्क माझ्याकडे पाठ करून बसली. तिला आम्ही प्रश्नबाई म्हणत असू, कारण तिचं प्रत्येक वाक्य प्रश्नानेच संपायचं.

"काय गं, रुसलीस?" मी विचारलं.

"नाही गुरुजी. तुम्हाला बघायचं, की शिकायचं? दोन्ही जमत नाही, मग मी नुसतं ऐकू?"

त्याच संध्याकाळी मी बांबूचा एक पडदा विकत आणला.

बायकोने पडद्याकडे पाहिलं, मग खोलीकडे पाहिलं. "अहो, हा आत राहणार असेल तर आपण कुठे राहायचं?"

"अगं, उद्याच टांगतो. खिळ्याचाच काय तो प्रश्न."

पडदा तात्पुरता दाराआड उभा केला. तो दार उघडणाऱ्याच्या अंगावर पडे. सर्वांत आधी तो शेजारच्या वकीलसाहेबांवर पडला. कपाळ चोळत त्यांनी चौकशी केली आणि खिळ्याचं ऐकून ते खाटेवर बसलेच.

"मास्तर, सरकारी इमारतीत विनापरवाना खिळा? पेन्शन नकोशी झालीये का?"

"दोन तर खिळे," मी म्हणालो.

"दोन!" वकीलसाहेबांनी कानांवर हात ठेवले. "अहो, दोन म्हटलं की अंमलदार दचकतो. त्याला वाटतं, आज दोन, उद्या दहा. एक मागा. एक मंजूर झाला की दुसरा त्याच्या सावलीत गुपचूप ठोकायचा. कायदा असाच चालतो."

शेजाऱ्यांचा सल्ला आणि फुकटचं औषध माणसाने घेऊ नये. मी दोन्ही घेत आलो आहे. मी एका खिळ्याचा अर्ज केला.

अर्ज घेऊन विद्यापीठाच्या रजिस्ट्रारांकडे गेलो. गृहस्थ सज्जन. कोणालाही नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येई, म्हणून ते हो पण म्हणत नसत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्याबरोबर जातीने व्हरांड्यात येऊन भिंतीवर टिचकी मारली.

"मास्तर, खिळा किती आत जाईल?"

"पडदा पेलायचा म्हणजे बोटभर तरी जायला हवा."

"तिथेच घोळ आहे." त्यांचा चेहरा खरोखर कष्टी झाला. "ही इमारत सरकारच्या बांधकाम खात्याने बांधली. विटा त्यांच्या. पण मागे गिलावा पडला, तो विद्यापीठाने आपल्या पैशाने केला. म्हणजे गिलावा आमचा. खिळा गिलाव्यापुरता राहिला असता तर मी आत्ता हातोडा मागवला असता. पण तुमचा खिळा विटेत शिरतो."

"मग बांधकाम खात्याला विचारू?"

"विचारा की. पण विटेपर्यंत पोचायला गिलाव्यातून जावं लागेल. त्याला सिनेटची मंजुरी लागते."

घरी येऊन मी हे बायकोला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि रंग कोणाचा?" रंगाचा प्रश्न कोणाच्या लक्षात आला नव्हता. मी तिला हात जोडले आणि हे बाहेर कुठे बोलू नकोस म्हणून विनवलं.

विद्यापीठाची सिनेट म्हणजे तिथल्या विद्वानांची सभा. विद्यापीठ कसं चालवायचं हे आम्ही ठरवणार, असं सिनेटचं म्हणणं. तुम्ही जरूर ठरवा, फक्त आधी आम्हाला विचारा, असं साहेबांच्या शिक्षण खात्याचं म्हणणं. हे भांडण माझ्या अर्जाच्या कितीतरी आधीपासून धुमसत होतं. त्याला बसायला जागा नव्हती, ती माझ्या खिळ्याने करून दिली.

सिनेटमध्ये एक प्रोफेसर होते. त्यांना लोक तोफ म्हणत. ते साधं "पाऊस येईलसं दिसतं" म्हणाले तरी दोन माणसं टाळ्या वाजवत. ते सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "आज आपल्याला आपल्याच भिंतीत खिळा ठोकता येत नाही! उद्या आपल्याच डोक्यात विचार ठोकण्याची परवानगी मागावी लागेल!" टाळ्यांच्या कडकडाटात खिळ्याचा ठराव मंजूर झाला. लगेच शिक्षण खात्याच्या डायरेक्टरसाहेबांनी हरकत घेतली, की ठराव सिनेटच्या अधिकाराबाहेरचा आहे.

वर्तमानपत्रात खिळ्यावर अग्रलेख आला. तो लिहिणारे संपादक मला भेटायला घरी आले आणि पडदा त्यांच्यावर पडला. दुसऱ्या दिवशी छापून आलं, की या लढ्यात आम्हालाही मार सोसावा लागला. रस्त्याने जाताना अनोळखी माणसं मला नमस्कार करू लागली. एकाने तर विचारलं, "तुरुंगात कधी जाणार?" मी म्हणालो, "मला मंडईत जायचंय." तो "वा!" म्हणाला आणि त्याने माझा हात हातात घेऊन दाबला.

इकडे पोरं एक डोळा मिटूनच गुणाकार करत होती.

प्रकरण वर गेलं. वर म्हणजे थेट गव्हर्नरांकडे. आता इलाख्याचे गव्हर्नर तेच विद्यापीठाचे कुलपती, अशी साहेबांच्या राज्यातली रीत होती. एकच माणूस, एकच मिशी, पण खुर्च्या दोन आणि दोन्ही खुर्च्यांचे कारकून वेगळे. सिनेटचा ठराव कुलपती म्हणून त्यांच्यापुढे गेला. त्यांनी तो वाचला, योग्य वाटला, सही केली आणि रिवाजाप्रमाणे गव्हर्नरांकडे धाडला. दुपारी गव्हर्नर म्हणून त्यांनी तो उघडला. सोबत डायरेक्टरसाहेबांची हरकत होती. तीही योग्य वाटली. त्यांनी ठराव नामंजूर केला आणि कुलपतींना कळवलं. कुलपतींना याचा फार खेद झाला, असं त्यांनी गव्हर्नरांना उलट कळवलं.

मला त्यांची कीव आली. आमच्या घरात निदान माझ्याशी वाद घालायला दुसरं माणूस होतं.

शेवटी दोघांनी मिळून, म्हणजे त्यांनी एकट्यानेच, असा हुकूम काढला, की निर्णय होईपर्यंत सर्व काही जैसे थे ठेवावं. खिळा नाही.

"ठीक आहे," बायको म्हणाली, "खिळा ठोकायचा नाही. चादर धरायची तरी मनाई नाही ना?" आणि तिने ट्रंकेतली मोठी निळी चादर माझ्यासमोर टाकली. "फाटली तर बघा."

वकीलसाहेबांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला. "हातात धरलेली वस्तू इमारतीला जोडलेली मानता येत नाही. धरा!"

दोन पोरांनी दोन खांबांशी उभं राहून चादर ताणून धरायची, हात दुखले की दुसऱ्या दोघांनी यायचं, अशी पाळी लावली. सावली झाली. पण जी दोघं चादर धरत, त्यांचा धडा बुडे. माझ्या एका विद्यार्थ्याला त्यामुळे पाढे उत्तम येत आणि हातचा म्हणजे काय हे मात्र ठाऊक नसे. हातचा शिकवला त्या दिवशी त्याचे हात वर होते.

अशात रजिस्ट्रार धापा टाकत घरी आले. पडदा त्यांच्यावर पडला. तो तसाच अंगावर घेऊन ते म्हणाले, "मास्तर, उद्या डायरेक्टरसाहेब स्वतः पाहणीला येताहेत. त्यांचं म्हणणं असं, की जैसे थे हुकूम खिळ्याला लागू आहे, पण मुळात इथे वर्ग चालतो त्यालाच परवानगी कुठाय? वर्ग दिसला की ते बंद करणार. तुम्ही कृपा करून मनाला लावून घेऊ नका." जाताना त्यांनी पडदा पुन्हा दाराआड नीट लावून ठेवला. सज्जन माणूस.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोने ताट उचललं आणि म्हणाली, "उद्या शिकवायचंय ना? मग चार घास खा. वर्ग बंद होईल तेव्हा उपास करा."

दुसऱ्या दिवशी मी ठरवून सावल्यांचा धडा घेतला. एखाद्या काठीची सावली मोजून झाडाची उंची कशी काढायची, हा माझा सगळ्यांत आवडता धडा. शेवटचाच असेल तर तो असावा, असं वाटलं. पोरांना मी काही सांगितलं नाही. पोरांना भीती शिकवावी लागत नाही, ती आपोआप येते. काठी आणि झाड मात्र शिकवावं लागतं.

डायरेक्टरसाहेब आले. उंच, बारीक, उन्हाने नाक लाल झालेले. आपली भाषा ते परीक्षा देऊन शिकले होते, त्यामुळे रस्त्यातल्या कुत्र्यालाही ते "कृपया बाजूस व्हावे" म्हणत. त्यांच्यामागून प्रोफेसर तोफ आले, पाहणीचा निषेध करायला. दोघे चादरीच्या बाहेरच्या बाजूला, उन्हात उभे राहिले. आत पोरं, मी आणि काठी.

"या व्हरांड्याविषयी मला काही प्रश्न विचारायचे आहेत," साहेब म्हणाले.

एवढ्यात त्यांच्या बाजूचं टोक धरून टाचा उंचावून उभ्या असलेल्या प्रश्नबाईने मान वळवून वर पाहिलं. "मी आधी विचारू? तुम्ही उंच आहात ना? माझे हात भरून आलेत, तुम्ही जरा धरता?"

आणि उत्तराची वाट न बघता तिने टोक त्यांच्या हातात दिलं आणि आत येऊन बसली. दुसऱ्या टोकाच्या मुलाने ते पाहिलं. उंच माणूस त्याच्याही शेजारी होता. त्याने आपलं टोक प्रोफेसरांना दिलं.

आता चादरीच्या एका टोकाला सरकार आणि दुसऱ्या टोकाला सिनेट.

"हा विद्यापीठाच्या अधिकारावर घाला आहे!" प्रोफेसर गरजले आणि गरजताना सवयीने त्यांचा हात खाली आला. चादर कलली. पोरांच्या डोळ्यांवर ऊन आलं.

"वर! वर!" सगळी पोरं ओरडली.

प्रोफेसरांनी चटकन हात वर केला. "घाला आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"नियमांचा प्रश्न आहे," साहेबही हळूच म्हणाले. त्यांना खिशातून नियम काढायचे होते, पण हात मोकळे नव्हते.

मग ते दोघे चादरीमागे कुजबुजत भांडत राहिले. मला फक्त त्यांच्या सावल्या दिसत होत्या, एक लांब आणि एक रुंद. आमचा धडा सुरू झाला. चादरीच्या कडेने येणाऱ्या उन्हात काठीची सावली मोजली, बाहेर जाऊन झाडाची मोजली. प्रश्नबाईने विचारलं, "गुरुजी, सावली संध्याकाळी मोजली तर झाड वाढतं का?" मी उत्तर देणार इतक्यात चादरीपलीकडून आवाज आला, "कृपया तिला सांगावे, की काठीची सावलीही त्याच प्रमाणात वाढते."

"तेच सांगणार होतो," मी जरा फणकाऱ्याने म्हणालो. माझ्या वर्गात मला कोणी सांगितलेलं मला आवडत नाही, मग तो साहेब का असेना.

"क्षमा असावी," चादर म्हणाली. "मीही पूर्वी शाळेत शिकवत असे."

"असं?" चादरीचं दुसरं टोक म्हणालं. "कोणता विषय?"

त्यानंतर भांडणाचा आवाज आला नाही. ऊन उतरेपर्यंत दोघं तसेच उभे होते.

वर्ग सुटल्यावर साहेबांनी आपल्या कारकुनाला बोलावलं. त्यांनी खांदे चोळत, माझ्याकडे न बघता मजकूर सांगितला: "पाहणीच्या संपूर्ण वेळात मला कोणताही वर्ग दृष्टीस पडला नाही. मध्ये चादर होती."

पण प्रोफेसर तोफ खवळले. "वर्ग नाही? धडधडीत असत्य! वर्ग आहे! मी शपथेवर सांगतो! मी उद्याच सभा घेऊन सिद्ध करतो!"

मी त्यांना कोपऱ्यात नेलं. "प्रोफेसरसाहेब, तुमचे पाय धरतो. वर्ग आहे हे सिद्ध केलंत, तर वर्ग राहणार नाही."

त्यांना हे पटायला बराच वेळ लागला. जे नाही असं सरकार म्हणतं ते आहे, असं सांगण्यातच त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण अखेर ते खांबाशी टेकले, दुखरे हात दाबले आणि म्हणाले, "सावल्यांचा धडा बरा घेता तुम्ही." ती सभा झाली नाही.

मग कधीतरी, आम्ही सगळे विसरलो असताना, निर्णय आला. कुलपती आणि गव्हर्नर यांचं अखेर जमलं होतं. खिळ्याचा गिलाव्यातला भाग सिनेटच्या अधिकारात आणि विटेतला भाग सरकारच्या अधिकारात, असा तोडगा निघाला. त्यामुळे सुरुवातीचे घाव रजिस्ट्रारांनी घालायचे आणि वीट लागताच हातोडा बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरच्या हवाली करायचा. वीट कधी लागली हे कळावं म्हणून प्रोफेसर तोफ भिंतीला कान लावून उभे राहिले. रजिस्ट्रार इतके हळू मारत होते, की भिंतीला लागू नये अशीच त्यांची इच्छा दिसत होती.

"लागली!" प्रोफेसर ओरडले. हातोडा फिरला. ओव्हरसियरने एका दणक्यात उरलेलं काम केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. खिळा ठोकला गेला.

एक.

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी बांबूच्या पडद्याकडे पाहिलं. त्याला दोन कड्या होत्या. मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते कबुतरांकडे बघत होते.

"दुसरा सावलीत ठोकायचा होता ना?" मी दात-ओठ खात पुटपुटलो.

"आता?" ते कुजबुजले. "आता त्या भिंतीवर दोन सरकारं नजर ठेवून आहेत. तुम्ही नवा अर्ज करा. मी लिहून देतो."

बायको मागे उभी होती. तिने घरी जाऊन निळी चादर आणली, एक टोक खिळ्याला अडकवलं आणि दुसरं हातात घेऊन खांबाशी स्टूल टाकून बसली. "चादर माझी आहे, मीच धरते. पोरांचे धडे कशाला बुडवायचे? दुपारी मला तरी काय काम असतं?"

इथे एक सांगायला हवं. बायकोला अक्षरओळख नव्हती. लग्नानंतर मी शिकवू म्हटलं तेव्हा ती म्हणाली होती, "घरात वाचणारं एक माणूस आहे तेवढं पुरे. दोघं वाचत बसलो तर चूल कोण पेटवेल?" त्यावर मी पुन्हा विषय काढला नाही. तिनेही काढला नाही.

ती रोज येऊन बसू लागली. हात जरा खाली आला की पोरं ओरडत, "काकू, वर!" नवी पोरं आली की मी पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करी. तिच्याकडे माझं लक्ष नसे. मास्तरचं लक्ष पुढे बसलेल्यांकडे असतं, चादर धरणाऱ्याकडे नसतं. पुढे एकदा आम्ही दोघं बाजारातून येत होतो. ती एका दुकानासमोर थांबली, पाटीवर एकेक अक्षरावर नजर ठेवत ओठ हलवले आणि म्हणाली, "'येथे घड्याळे दुरुस्त होतील.' अहो, आणि यांचंच घड्याळ बंद आहे की!"

मी पिशवी खाली ठेवली. ती पुढे चालायला लागली होती.

वकीलसाहेबांनी मला न विचारताच दुसऱ्या खिळ्याचा अर्ज करून टाकला होता. तो सिनेट, खातं, कुलपती, गव्हर्नर असा सगळा प्रवास करून एकदाचा परत आला. मंजूर! पत्र आलं तेव्हा मी चष्मा शोधत होतो. बायकोने ते माझ्या आधी फोडलं, दारात उभं राहून सावकाश, बोट फिरवत, शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. मग नीट घडी घालून कमरेला खोचलं.

"काय आहे गं?"

"दुसऱ्या खिळ्याला परवानगी दिलीये."

"वा! म्हणजे उद्या..."

"काही नको उद्या," ती म्हणाली. "खिळा ठोकलात तर मी कुठे बसू?"

बांबूचा पडदा अजून दाराआडच आहे. येणाऱ्यांनी दार जरा जपून उघडावं.